सर्जनशीलतेचा तास

शिक्षणाविषयी सध्या एक मत असे आहे की त्याला विरोध करणारा माणूस शोधून सापडत नाही. मंत्री ते बोलतात, संस्थाचालक बोलतात, उद्योगपती बोलतात, स्नेहसंमेलनाचे पाहुणे बोलतात. आणि ज्यांच्यावर त्यात ठपका ठेवलेला असतो ते शिक्षक समोर बसून टाळ्या वाजवतात. मत असे : मूल जन्मतःच सर्जनशील असते आणि शाळा घोकंपट्टी करवून त्याची सर्जनशीलता मारते. उद्याच्या जगात माहितीला मोल नाही, ती फोनमध्ये आहेच, आणि आता तर उत्तरही यंत्रच लिहून देते. म्हणून पाठांतर हद्दपार करा, सर्जनशीलता हे वेगळे कौशल्य म्हणून शिकवा. त्यातून देशाचे मानवी भांडवल वाढेल.

या मतातली तक्रार खरी आहे. तिच्यावरून काढलेले अनुमान मात्र खोटे आहे. आणि त्या अनुमानावर बेतलेल्या उपायांचा सर्वांत मोठा फटका गरीब घरच्या मुलांना, म्हणजे ज्यांच्या नावाने ते उपाय सांगितले जातात त्यांनाच बसतो, असे मला दाखवायचे आहे.

शास्त्रार्थाचा जुना दंडक असा की पूर्वपक्ष त्याच्या कैवाऱ्याला मान्य होईल इतका नेमका मांडावा. तेव्हा आधी तो मांडतो. १९५० मध्ये जे. पी. गिलफर्ड यांनी अमेरिकन मानसशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना आपल्याच शास्त्राला दोष दिला : बुद्ध्यंक मोजण्यात आपण इतके गुंतलो की सर्जनशीलतेकडे पाहिलेच नाही. एका बरोबर उत्तराकडे जाणारा विचार वेगळा आणि एका प्रश्नातून अनेक वाटा फोडणारा विचार वेगळा, हा भेद त्यांनी रूढ केला. १९६६ मध्ये ई. पॉल टॉरन्स यांच्या चाचण्या आल्या आणि सर्जनशीलता मोजता येऊ लागली, निदान तसे म्हणता येऊ लागले. २००६ मध्ये केन रॉबिन्सन यांचे टेड व्याख्यान झाले. शाळा सर्जनशीलता मारतात का, हाच त्याचा विषय होता आणि ते जगभर कोट्यवधी लोकांनी पाहिले. जागतिक आर्थिक मंचाच्या २०२३च्या रोजगार-अहवालात मालकांना हव्या असलेल्या कौशल्यांत विश्लेषक विचारानंतर लगेच सर्जनशील विचाराचा क्रमांक लागला. आपले २०२०चे शिक्षण धोरणही हीच भाषा बोलते. शिवाय मराठी शाळेत शिकलेल्या कोणालाही ‘प्रश्न विचारू नकोस, आधी उतरवून घे’ हे वाक्य ऐकल्याचे आठवत असेल. त्या वाक्यावरचा राग रास्त आहे. पूर्वपक्षाचे बळ आकडेवारीपेक्षा या रागात जास्त आहे.

आता आकडेवारीकडे वळू, कारण एक आकडा शिक्षक-प्रशिक्षणात आणि व्हॉट्सॲपवर हमखास भेटतो. पाच वर्षांची ९८ टक्के मुले ‘प्रतिभावंत’ असतात; दहाव्या वर्षी ती ३० टक्के उरतात, पंधराव्या वर्षी १२ टक्के आणि मोठ्या माणसांत २ टक्के. हे आकडे जॉर्ज लँड आणि बेथ जार्मन यांच्या १९९२च्या पुस्तकातले. ज्या मोजमापात शंभरातले अठ्ठ्याण्णव प्रतिभावंत ठरतात, त्याच्यापुढे खरे तर क्षणभर थांबायला हवे. पण त्याहून मोठी अडचण अशी की या जातीच्या चाचण्या मुख्यतः कल्पनांची संख्या आणि वेगळेपणा मोजतात. सर्जनशीलतेची मानसशास्त्रात मान्य असलेली व्याख्या मात्र दोन पायांवर उभी आहे : गोष्ट नवी हवी आणि ती कामाची हवी, म्हणजे ज्या प्रश्नासाठी ती सुचली तिथे ती लागू पडायला हवी. पाच वर्षांच्या मुलाकडे पहिला पाय भरपूर असतो. दुसरा नसतो, आणि तो नसण्यात त्याचा काही दोषही नाही.

या परंपरेतला प्रसिद्ध प्रश्न आहे विटेचा : विटेचे किती उपयोग सांगता येतील? मूल सांगेल, वीट कानाला लावून फोन करीन, विटेची आगगाडी करीन, विटेला झोपवीन. छानच. पण विटेचा खरोखर नवा उपयोग कोणी दाखवला हे विचारले तर आपल्याकडे लॉरी बेकर यांचे नाव घ्यावे लागते. विटा नेहमीसारख्या आडव्या न टाकता कडेवर उभ्या लावायच्या आणि दोन थरांमध्ये पोकळी ठेवायची, अशी ‘रॅट ट्रॅप’ बांधणी त्यांनी केरळात रूढ केली. भिंतीला सुमारे २५ टक्के विटा कमी लागतात आणि पोकळीतल्या हवेमुळे घर कमी तापते. ही बांधणी बेकरांनी शोधलेली नव्हती, ती इंग्लंडातली जुनी. बेकर बर्मिंगहॅमला वास्तुशास्त्र शिकलेले, आणि पुढे हिमालयात पिथौरागढच्या भागात राहून तिथल्या घरबांधणीकडूनही शिकलेले. केरळचा पाऊस, केरळची वीट, गरिबाच्या घराचा हिशेब आणि ती जुनी बांधणी एकाच डोक्यात होती, म्हणून त्यांची भेट झाली. विटेचे शंभर उपयोग सांगण्याचा सराव करून ती झाली नसती.

रॉबिन्सन यांच्या भक्तांसाठी एक गोष्ट इथेच नोंदवून ठेवतो. त्यांच्याच अध्यक्षतेखालच्या समितीने १९९९ मध्ये ब्रिटिश सरकारला जो अहवाल दिला, त्यात सर्जनशीलतेला ज्ञान लागते, साधनांवर हुकमत लागते, हे स्पष्ट म्हटले आहे. अहवाल कोणी वाचत नाही. व्याख्यान वीस मिनिटांत संपते.

पूर्वपक्षाचा कणा म्हणजे पाठांतर आणि सर्जनशीलता यांचे वैर. एक जण घरात आला की दुसऱ्याने बाहेर पडायचे, असे. हे वैर कुठून आले ठाऊक नाही, पण माणसाची बुद्धी ज्यांनी प्रयोगशाळेत तपासली त्यांना ते दिसलेले नाही. १९७३ मध्ये विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी बुद्धिबळपटूंना खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवली आणि मोहरे तसेच्या तसे मांडायला सांगितले. मुरलेल्या खेळाडूने बहुतेक मोहरे बरोबर मांडले, नवशिक्याला चार-पाचच जमले. मग मोहरे पटावर कसेही विखरून तोच प्रयोग केला, तेव्हा दोघांतला फरक जवळपास नाहीसा झाला. म्हणजे मुरलेल्या खेळाडूची स्मरणशक्ती जात्या मोठी नव्हती. त्याच्याकडे खऱ्या डावांतल्या हजारो आकृत्यांचा साठा होता आणि त्या साठ्यामुळेच त्याला पटावर ‘दिसत’ होते. आपण ज्याला सुचणे म्हणतो त्याचा मोठा भाग असे दिसणेच आहे.

नववीच्या वर्गातले साधे उदाहरण पाहा. क्ष वर्ग अधिक १५क्ष अधिक ५६ याचे अवयव पाडायचे आहेत. ज्याला पाढे तोंडपाठ आहेत त्याला ५६ दिसताच सात-आठ दिसतात, त्यांची बेरीज पंधरा येते हे दिसते, आणि त्याचे डोके पुढच्या गोष्टीसाठी मोकळे राहते : अवयव पाडणे म्हणजे नेमके काय, मधले पद बदलले तर काय होईल. ज्याला पाढे येत नाहीत तो बोटे मोजत बसतो आणि मुख्य कल्पना त्याच्या हातून निसटते. एका वेळी मनात धरून ठेवता येतील अशा गोष्टी माणसाला फार थोड्या दिल्या आहेत, चार-पाचच. त्या जागा गुणाकाराने अडवल्या की विचाराला जागा उरत नाही. गुणाकार फोनमध्ये आहे हे खरे, पण फोनला अवयव ‘दिसले’ तर शिकला फोन, मूल नव्हे.

पूर्वपक्ष या ठिकाणी बहुधा रामानुजनना साक्षीला बोलावतो. शाळा-कॉलेजांनी ओळखले नाही, एफ. ए.च्या परीक्षेत नापास केले, आणि तरी हा माणूस केंब्रिजला गेला. खरे आहे. पण त्यांच्या हाती पंधरा-सोळाव्या वर्षी कोणते पुस्तक पडले? जॉर्ज कार यांचे, शुद्ध गणितातल्या सुमारे पाच हजार निष्कर्षांची जंत्री असलेले. कार हे केंब्रिजच्या परीक्षेसाठी मुलांची तयारी करून घेणारे खासगी शिक्षक होते. आपल्या भाषेत सांगायचे तर क्लासवाले, आणि पुस्तक म्हणजे गाइड. सिद्धता जेमतेम, सूत्रांमागून सूत्रे. रामानुजननी ती सूत्रे एकेक करून स्वतः सिद्ध करत नेली आणि तिथून पुढे निघाले. परीक्षापद्धतीविरुद्ध उभा केलेला हा साक्षीदार असा परीक्षेच्याच पुस्तकावर पोसलेला निघतो. गाइडे वाटली की रामानुजन निपजतात असे कोणी म्हणत नाही. पण रिकाम्या पाटीवर प्रतिभा जास्त फुलते, या समजाला त्यांच्या चरित्रात आधार नाही एवढे नक्की.

संगीतातली साक्ष आणखी जवळची आहे. कुमार गंधर्वांनी घराण्यांच्या चौकटी मोडल्या, माळव्याच्या लोकगीतांतून राग काढले, असे आपण अभिमानाने सांगतो. १९२४ मध्ये बेळगावजवळच्या सुळेभावीला जन्मलेला हा मुलगा प्रथम गाजला तो नकलेसाठी. मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून तो त्या जशाच्या तशा, हरकती-मुरक्यांसकट गाऊन दाखवी. आजच्या शिक्षणतज्ज्ञाने त्याला पाहिले असते तर ‘या मुलाची सर्जनशीलता मारली जात आहे’ असा शेरा नक्की मारला असता. पुढे तो मुंबईला प्रो. बी. आर. देवधरांकडे आला. देवधर स्वतः पलुस्करांचे शिष्य, पण एका घराण्याला बांधून न घेता अनेक उस्तादांकडून बंदिशी गोळा करणारे. अंजनीबाई मालपेकरांकडेही कुमारांनी तालीम घेतली. पुढे क्षय झाला, १९४८ मध्ये देवासला मुक्काम पडला, गाणे वर्षानुवर्षे बंद राहिले, आणि त्या सक्तीच्या शांततेत माळव्याची गीते कानावर पडली. तीच गीते त्याच गावात हजारो कानांवर पडत होती. त्या धुनेत दडलेला राग ऐकू आला तो ज्या कानात शेकडो रागांची वळणे आधीच पक्की बसली होती त्याला.

इथे प्रतिपक्षी हसून विचारील, आणि विचारायलाच हवे : पाठांतराने सर्जनशीलता येत असेल तर वेदपाठशाळांतून हजारो वर्षे शास्त्रज्ञ का निघाले नाहीत? आमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सव्वायकी सगळे मुखोद्गत होते, त्यांनी कोणते शोध लावले?

हा आक्षेप खरा जड आहे आणि त्याला उडवून लावता येणार नाही. माझे उत्तर असे : पाठ असणे आवश्यक आहे, पुरेसे नाही. वेदपठणाच्या घनपाठ या प्रकाराचा हेतूच मुळी एक अक्षरही न बदलता पुढच्या पिढीला देण्याचा होता. तो हेतू त्याने थक्क व्हावे इतका पार पाडला. त्याच्याकडून नवनिर्मितीची अपेक्षा करणे म्हणजे कुलुपाला दार का होत नाही असे विचारणे. पण त्याच परंपरेच्या अंगणात, जिथे वृत्ते पाठ करणाऱ्यांनी वृत्तांविषयी प्रश्न विचारला, तिथे काय घडले पाहा. अमुक मात्रांची ओळ लघु-गुरूंच्या किती वेगवेगळ्या मांडण्यांनी भरता येईल, हा छंदःशास्त्रातला प्रश्न. एका मात्रेची एक, दोन मात्रांच्या दोन, तीनच्या तीन, चारच्या पाच, पाचच्या आठ. प्रत्येक संख्या मागच्या दोहोंची बेरीज. विरहांकाने आणि नंतर बाराव्या शतकात हेमचंद्राने हा नियम सांगितला. युरोपात याच संख्या १२०२ च्या फिबोनाचीच्या ग्रंथावरून ओळखल्या जातात. वृत्ते ज्यांच्या जिभेवर नव्हती त्यांना हा प्रश्न पडणेच शक्य नव्हते. आजोबांच्या पाऊणकीत उणीव होती ती पुढच्या प्रश्नाची. पाऊणकी घालवून तो प्रश्न येत नाही. आणि पाठशाळेचे दार कोणाला उघडे होते, हा तर आणखी वेगळा आणि कडू विषय आहे.

चरित्रे निवडून काहीही सिद्ध करता येते, असे कोणी म्हणेल. म्हणून मोठा आकडा घेऊ, आणि तोही पूर्वपक्षाच्याच दरबारातला. ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेने २०२२च्या पिसा या आंतरराष्ट्रीय परीक्षेत पंधरा वर्षांच्या मुलांची प्रथमच सर्जनशील विचाराची चाचणी घेतली. निकाल २०२४ मध्ये आले. ६० पैकी सरासरी ४१ गुणांनी पहिला आला तो सिंगापूर. संघटनेतल्या देशांची सरासरी ३३. त्याच वर्षी गणित, वाचन आणि विज्ञान या तिन्हींतही सिंगापूरच पहिला होता. दुसऱ्या रांगेत ३८ गुणांनी दक्षिण कोरिया आणि कॅनडा. ज्या फिनलंडच्या शाळा पाहायला आपल्याकडून शिष्टमंडळे जातात तो ३६ वर. परीक्षा, शिकवण्या आणि शिस्तीसाठी बदनाम असलेला देश सर्जनशीलतेतही वर यावा हे पूर्वपक्षाच्या कोणत्याही सूत्रात बसत नाही.

पण हाच अहवाल माझ्या सोयीचा नसलेला भागही सांगतो. हाँगकाँग, मकाव, तैवान यांची मुले गणितात फार पुढे, तरी सर्जनशील विचारात ती संघटनेच्या सरासरीच्या आसपास किंवा खालीच राहिली. सर्जनशील विचारात वरच्या फळीत आलेली अनेक मुले गणितात अव्वल नव्हती. मात्र गणितात किमान पातळीही न गाठलेली मुले त्या फळीत फारच थोडी होती. एक मजला असल्याशिवाय दुसरा चढत नाही, आणि पहिला चढला म्हणून दुसरा आपोआप चढत नाही. सिंगापूरने १९९७ मध्ये विचार करणाऱ्या शाळांचे धोरण आखले, २००५ पासून ‘कमी शिकवा, जास्त शिकू द्या’ म्हणत अभ्यासक्रम छाटला. हे आपल्याकडे आवडीने सांगितले जाते. छाटल्यावर जे उरले ते प्रत्येक मुलाला पक्के यावे यासाठी शिक्षकाला वर्षाकाठी शंभर तास स्वतःच्या शिक्षणासाठी मिळतात, हे कोणी सांगत नाही.

आता मानवी भांडवल. माणसाला भांडवल म्हणणे मला रुचत नाही, पण ती तक्रार बाजूला ठेवतो आणि प्रतिपक्षाचेच माप हाती घेतो. ही कल्पना आजच्या अर्थाने रुजवली ती थिओडोर शुल्ट्झ यांनी, १९६० मध्ये अमेरिकन अर्थशास्त्र संघटनेच्या अध्यक्षीय भाषणात. शुल्ट्झ शेतीचे अर्थशास्त्रज्ञ. १९७५ मध्ये त्यांनी शिक्षणाच्या किमतीविषयी एक नेमका मुद्दा मांडला : घडी बसलेली असते तेव्हा शिकलेला आणि न शिकलेला यांत फारसा फरक पडत नाही, घडी विस्कटते, नवे बी येते, नवा बाजार येतो, तेव्हा शिकलेला माणूस ती लवकर बसवतो. ही शिक्षणाची खरी कमाई. याची पारख आपल्याच देशात झाली. हरितक्रांतीच्या काळातल्या भारतीय शेतकरी कुटुंबांची माहिती तपासून अँड्र्यू फॉस्टर आणि मार्क रोझेन्झ्वाइग यांनी १९९६ मध्ये दाखवले की जिथे नवी बियाणी आली आणि चांगली लागू पडली तिथे प्राथमिक शिक्षणाचा मोबदला वाढला.

प्राथमिक शिक्षण. म्हणजे वाचता येणे, पिशवीवरचे वाचून खताचा हिशेब करता येणे, शेजाऱ्याच्या आणि आपल्या एकरी उताऱ्यातला फरक कशाने पडला याचा ताळा लावता येणे. त्या शेतकऱ्यांना कोणी सर्जनशीलतेचा तास दिलेला नव्हता. तरी नव्या बियाण्याशी त्यांनी जे केले त्याला सर्जनशीलता म्हणायचे नसेल तर मग तो शब्द फक्त जाहिरात कंपन्यांसाठी राखून ठेवलेला बरा.

या मापाने आज आपण कुठे आहोत? मुलांना वाचन-गणित कितपत येते हे तपासणाऱ्या ‘असर’च्या २०२४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या सुमारे निम्म्या मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे तिघांतल्या साधारण एकालाच जमले. या मुलांची सर्जनशीलता पाठांतराने मारली असे म्हणणे क्रूर विनोद आहे. त्यांच्या वाट्याला पाठांतरही धड आलेले नाही.

आणि इथेच हा वाद शिक्षणशास्त्राचा न राहता वर्गाचा होतो. ज्या घरात पुस्तके आहेत, आई-वडील जेवताना ‘का’ आणि ‘कशावरून’ करतात, त्या घरच्या मुलाला शाळेने नुसते कागदाचे बेडूक करायला दिले तरी बिघडत नाही. ज्ञान घरी मिळते, राहिलेले क्लासमध्ये विकत मिळते. ज्याला शाळेबाहेर काहीच नाही त्याच्याकडून शाळेने पाढे, व्याकरण, सनावळ्या ओझे म्हणून काढून घेतल्या तर त्याला दुसरे दुकान नाही. इटलीच्या तुरुंगात बसून मार्क्सवादी विचारवंत आंतोनियो ग्राम्शी यांनी मुसोलिनीच्या काळातल्या ‘नव्या’ शिक्षणावर हाच आक्षेप घेतला होता, आणि ग्राम्शींना कोणी सनातनी म्हणणार नाही. आपल्याकडे महात्मा फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे प्राथमिक शाळेसाठी काय मागितले? मोडी आणि बाळबोध वाचन-लेखन, हिशेब, सामान्य इतिहास, भूगोल, व्याकरण, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती आणि आरोग्याचे धडे. ज्याची ज्ञानाची वाट शतकानुशतके अडवली गेली त्याने आधी ज्ञान मागितले. ते ज्याला पिढ्यान्‌पिढ्या मिळत आले त्याला आज ते ओझे वाटते, यात नवल नाही.

खंडन इतके पुरे. मंडनाकडे येताना मला सर्वांत बोलके वाटते ते आपल्या मराठीच्या पेपरचे उदाहरण, कारण सर्जनशीलता वेगळी काढून तिला गुण देण्याचा प्रयोग तिथे कधीचा झालेला आहे. ‘कल्पनाप्रधान निबंध’ हा प्रकार आपल्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. मी पंतप्रधान झालो तर. सूर्य उगवला नाही तर. फाटक्या पुस्तकाचे आत्मकथन. परीक्षकाला कल्पना हवी होती; बाजाराने कल्पना छापून दिल्या, मुलांनी त्या पाठ केल्या, आणि राज्यभरच्या फाटक्या पुस्तकांनी एकाच शब्दांत हुंदके दिले. मग प्रश्नपत्रिकेची कृतिपत्रिका झाली, आणि तिच्यात ‘स्वमत’ आले. कवितेविषयी तुझे मत तुझ्या शब्दांत लिही. हेतू उत्तमच होता. आज कोणतेही गाइड उघडा, स्वमत तयार आहे, ठळक अक्षरांत. विद्यार्थी दुसऱ्याचे स्वमत पाठ करतो. वर्गात घरून आणायच्या प्रकल्पांचे तेच : स्टेशनरीच्या दुकानात विषय सांगितला की चित्रे कापून चिकटवण्यापुरता तक्ता मिळतो. शिक्षकही हे जाणतो, गुणही देतो. यात खोटारडेपणा मुलांचा नाही. ज्या विषयाचे काही ठाऊक नाही त्याबद्दल स्वतंत्र मत मागितले तर माणूस ते उसनेच आणणार.

म्हणून मी म्हणतो, मत मागण्याआधी मतासाठी माल द्या. ऊसतोड कामगाराच्या मुलीला पंतप्रधान व्हायला सांगू नका. मोळी कशी बांधतात, कोयता कसा धरतात, फडावरची झोपडी कशी उभारतात ते लिहायला सांगा. तिला शब्द सुचतील, नसतील ते ती मागेल. मग तेच लिखाण दुसऱ्यांदा लिहायला लावा, तिसऱ्यांदा लावा. कल्पनेचे काम तिथे सुरू होते, कारण काय गाळायचे आणि काय आधी सांगायचे हे तिला ठरवावे लागते. तिने बहिणाबाईंच्या दहा कविता पाठ केलेल्या असतील तर आणखी चांगले. शेतातल्या साध्या शब्दाला केवढे वजन पेलता येते ते तिला कानाने कळलेले असेल.

चित्रकलेत आपण हे कधीपासून करत आलो आहोत, फक्त त्याचे महत्त्व ओळखले नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांचे विषय पाहा : समोरच्या वस्तूचे चित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, भूमिती आणि अक्षरलेखन. जो डोळ्यांनी नीट पाहील, मनात साठवील आणि कंपास हातात नीट धरील तोच संकल्पचित्रात काही नवे करील, असा त्या मांडणीचा अर्थ. (स्मरणचित्रासाठीसुद्धा ठरावीक आकृत्या घोटून नेणारे बहाद्दर आहेत, हे मला माहीत आहे. तरी निदान त्यांचा हात बसतो.) लक्ष्मणराव किर्लोस्कर चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, काही रंगांतला फरक दिसत नाही म्हणून रंगचित्र सोडावे लागले, आणि यांत्रिक रेखनाकडे वळले, पुढे व्ही.जे.टी.आय.मध्ये ते शिकवलेही. लोखंडी नांगराचा आराखडा काढणारा हात असा घडला. त्या नांगराला सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना, कारण लोखंडाने जमीन खराब होते अशी समजूत होती. ते मिळवण्याची चिकाटी कुठल्या अभ्यासक्रमात बसवायची ते मला सांगता येणार नाही.

हाताने करण्याचे म्हणाल तर पुणे जिल्ह्यातल्या पाबळचा विज्ञान आश्रम पाहावा. हिंदुस्तान लिव्हरच्या संशोधन विभागातून बाहेर पडलेले डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी तो १९८३ मध्ये सुरू केला, तोही शाळा सोडलेल्या मुलांसाठी. तिथे मुले वेल्डिंग शिकतात, वीजजोडणी शिकतात, मोजमाप शिकतात, शेती-पशुपालन शिकतात, आणि गावाची खरी कामे करतात. काम बिघडले तर गावकरी येऊन सांगतो. २००२ मध्ये अमेरिकेच्या एम.आय.टी.शी जोडलेली फॅब लॅब तिथे आली, तेव्हा संगणकावर आराखडा करून यंत्राने वस्तू कापणारी साधने अशा मुलांच्या हाती पडली ज्यांना पत्रा आणि लाकूड आधीच ठाऊक होते. क्रम महत्त्वाचा आहे. आपण आता शाळाशाळांतून अटल टिंकरिंग लॅब काढत आहोत; २०१६ पासून एकेका शाळेला वीस लाखांपर्यंत अनुदान आहे, आणि २०२५च्या अर्थसंकल्पाने आणखी पन्नास हजार सरकारी शाळांत त्या उघडण्याचे जाहीर केले. मला त्या नको आहेत असे नाही. पण थ्री-डी प्रिंटर घेताना लेथ चालवता येणारा एक माणूस शाळेत आहे का, हे विचारले जात नाही. तो नसेल तर प्रिंटर तपासणीच्या दिवशी झाकण काढून दाखवायची वस्तू होतो.

सगळे शेवटी एका साध्या हिशेबावर येते. वर्गात ६० मुले आहेत. त्या ऊसतोड मुलीचे लिखाण दुसऱ्यांदा लिहून घ्यायचे तर पहिले कोणीतरी नीट वाचले पाहिजे, कुठे अडले ते समासात लिहिले पाहिजे. एका वहीला दहा मिनिटे धरली तर एका वर्गाच्या एका निबंधाला दहा तास लागतात, आणि मराठीच्या शिक्षकाकडे असे चार वर्ग असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, निवडणूक आणि आपत्ती या कामांना त्याला जुंपता येते. बाकीचा वेळ ऑनलाइन माहिती भरण्यात जातो. सर्जनशीलता वाढवण्याच्या परिपत्रकांत उपक्रम आहेत, स्पर्धा आहेत, सप्ताह आहेत, फोटो अपलोड करायची तारीखही असते. ते दहा तास कुठून काढायचे, याचा उल्लेख असलेले परिपत्रक अजून तरी माझ्या पाहण्यात आलेले नाही.